टेपचं दुसरं टोक

शनिवार, ३ एप्रिल १९९३

सुरुवातच दुरुस्तीने करावी लागते आहे. काल आल्या आल्या घरी अण्णांना कार्ड लिहिलं आणि इथल्या स्वयंपाकाच्या चांगुणाबाईंजवळ मिरजगावच्या पेटीत टाकायला दिलं. त्यात मी लिहिलं की विमानात माणसांच्या जागा तीन आहेत. ते चूक आहे. माणसं चार असत. तिघं बसत आणि चौथा पालथा निजत असे. कार्ड आता परत येत नाही, म्हणून चूक इथे नोंदवते.

बाकी सगळं छान आहे. मला स्वतंत्र खोली आहे आणि उत्तरेला खिडकी, म्हणजे नकाशाच्या टेबलावर सावली पडत नाही. घर मिरजगावपासून तीन किलोमीटर आत माळावर आहे. आजूबाजूला बाभळी, दगड आणि वारा. घराचे मालक आप्पासाहेब सत्तरीचे असतील. मला "बेटा" म्हणतात आणि माझ्या आधी जेवायला बसत नाहीत.

विमान कांद्याच्या चाळीत आहे. जर्मन बॉम्बफेकी विमान, युंकर्स ८८. लढाईत विलायतेत पाडलेलं. इंग्रजांनी ते युद्धफंडासाठी लोकांना दाखवायला इकडे आणलं आणि लढाई संपल्यावर नगरला भंगारात काढलं. आप्पासाहेबांच्या वडिलांनी, कारभारी त्यांचं नाव, ते लिलावात घेतलं आणि आठ बैलजोड्या लावून इथवर ओढत आणलं. पंख आणि शेपूट वितळवून भांडी केली. उरलं ते नाकाडातलं केबिन. चांगुणाबाई वाढताना म्हणाल्या, "निम्मं इमान गावानं खाल्लं, ताई. ह्या पातेल्यात आमटी हाय न्हवं, त्यो पंख हाय." मी पातेल्याकडे पाहिलं तर त्या हसून हसून ठसकल्या.

परदेशातल्या एका संग्रहालयाला केबिन हवं आहे. त्याआधी त्यांना मोजून काढलेले नकाशे हवेत. माझं काम ते. एका महिन्याचं.

सोमवार, ५ एप्रिल

आत जायला एकच वाट आहे. विमानाच्या पोटाखाली काचेचा लांबट भाग लोंबतो. चांगुणाबाई त्याला डोण म्हणतात, आणि गुरांच्या पाण्याच्या डोणीसारखाच आहे तो. त्याचा मागचा तुकडा खाली उघडतो. तेच दार. चौथा माणूस बंदूक घेऊन तिथेच निजायचा, दारावरच. तो बाजूला झाल्याशिवाय वरच्या तिघांना उतरता येत नसे. आप्पासाहेबांनी सांगितलं की हे विमान पडलं तेव्हा खालचा तिथेच गेला आणि वरचे तिघं जिवंत होते. बराच वेळ.

आत चौघंही हाताच्या अंतरावर. पुढे डावीकडे वैमानिक, उजवीकडे जरा खाली बॉम्ब टाकणारा, मागे पाठमोरा वायरलेसवाला. समोर किड्याच्या डोळ्यासारख्या सपाट काचांचे तुकडे. दुपारी आत भट्टी होते.

पद्धत अण्णांचीच. अण्णा भूकरमापक होते. दर दोन वर्षांनी बदली, त्यात आईचं आजारपण, म्हणून आठवीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. घरीच शिकले, त्यांच्या मोजणीच्या वहीवर. दहावी बाहेरून दिली, मग आय.टी.आय. अण्णांचा नियम: प्रत्येक माप दोनदा. खोडरबर नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, बाजूला बरोबर लिहून सही करायची. आणि प्रत्येक ओळीत दोन नावं, मोजणारा आणि टेपचं टोक धरणारा. अर्ध्या हाताच्या चुकीने भावाभावांत कुऱ्हाडी निघतात, तेव्हा कोण कुठे उभं होतं हे कागदावर पाहिजे.

चांगुणाबाई आत यायला तयार नाहीत. बाहेरून काय धरायचं ते धरते म्हणाल्या. म्हणून आत टोक खुर्चीला दोरीने बांधते आणि रकान्यात "बांधलेले" असं लिहिते.

गुरुवार, ८ एप्रिल

एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर वही खोटी होईल.

आज सकाळी डोणीतून वैमानिकाच्या खुर्चीपर्यंतचं माप घेतलं. टेप ताठ होता, आकडा स्वच्छ मिळाला. मग गुंडाळायला पुढे गेले तर दोरी माझ्याच खिशात. मी टोक बांधलंच नव्हतं.

कुठेतरी फटीत अडकलं असेल. शोधलं. तिथे फट नाही.

त्या ओळीचा रकाना रिकामा सोडला आहे. "बांधलेले" लिहिणं खोटं झालं असतं.

शनिवार, १० एप्रिल

दोन दिवस सगळं दोन्ही प्रकारे मोजलं. टोक बांधलं की सकाळच्या आणि संध्याकाळच्या मापात फरक पडतो, कधी अर्धा सेंटीमीटर, कधी दोन. नुसता टेप पुढे सोडला की जरा वेळाने तो ताणला जातो. हळू, नीट, जसा सवयीचा माणूस ताणतो तसा. आणि ते माप दोन्ही वेळा एकच येतं.

म्हणजे बरोबर मापं तीच. बांधलेली चुकीची. मी काय करावं?

आप्पासाहेबांना सांगितलं. ते अजिबात चकित झाले नाहीत. म्हणाले, काम बरोबर होतंय ना बेटा, मग झालं. चांगुणाबाईंना सांगितलं तर त्यांनी परातीतलं पीठ झाकलं आणि म्हणाल्या, "मागची बाई बी अशीच कामाची लई पक्की हुती."

सोडलेल्या टेपची मापं धरली आहेत. चुकीची जाणूनबुजून कशी लिहू?

बुधवार, १४ एप्रिल

आज जयंती. श्रीगोंद्याला आमच्या गल्लीत सकाळपासून निळे झेंडे, आईची खीर, प्रवीणदादा मिरवणुकीत पुढे. आजवर एकही चुकली नव्हती. आप्पासाहेब म्हणाले, जा की, तुला कोणी बांधलंय का, फक्त चालू पान पुरं कर. पान दुपारी चारला पुरं झालं. शेवटची एसटी तीनला जाते.

केबिनमध्ये बसूनच वंदना म्हटली. तीन मापं राहिली होती तेवढ्यात, तीही घेतली. टेप लगेच ताणला गेला. आता वाट पाहावी लागत नाही.

उजवीकडची खुर्ची आणि वैमानिकाची, दोन्ही भर उन्हात गार असतात. माझ्यामागची, वायरलेसवाल्याची, तापलेली असते.

शनिवार, १७ एप्रिल

नकाशाचा जाड कागद शोधताना कपाटात दोन जुन्या मोजणी वह्या सापडल्या. याच केबिनच्या.

पहिली १९८८ ची. मोजणारा: रामहरी. टोक धरणारा: बांधलेले, बांधलेले, मग पानंच्या पानं रकाना रिकामा.

दुसरी १९९० ची. मोजणारी: सविता. अक्षर वळणदार, एकही गिरवलेला शब्द नाही. तिचाही रकाना आधी रिकामा. मग कोणीतरी लाल शाईने भरलेला. टोक धरणारा: रामहरी.

मी चांगुणाबाईंना विचारलं, रामहरी सविताबाईंच्या मदतीला होता का. त्या म्हणाल्या, "सविताबाई आली तवा रामहरी कुठनं? दोन वरसं झालती त्याला जाऊन." कुठे गेला, विचारलं. त्यांनी चाळीकडे बघितलं आणि पदर तोंडावर घेतला.

दोन्ही वह्यांचं शेवटचं माप एकच. डोणीची आतली रुंदी, दार लावून, आत निजून.

माझी मोजणीची वही तपासायला घेतली होती ती संध्याकाळी आप्पासाहेबांनी परत दिली. रिकामे रकाने भरले आहेत. लाल शाई. ते हसून म्हणाले, रकाना रिकामा ठेवू नये बेटा, तुझ्याच वडिलांचा नियम ना?

टोक धरणारी: सविता. सविता. सविता.

उद्या सकाळी निघते. माझी सर्टिफिकेटं आप्पासाहेबांनी आल्या दिवशी ठेवून घेतली आहेत, राहू देत.

रविवार, १८ एप्रिल

गेले होते. खरंच गेले होते. सकाळी सातला चालत निघाले, आठला स्टँडवर. नगरची एसटी उभी होती, मला खिडकीची जागा मिळाली. मांडीवर पिशवी. चांगुणाबाई बाजारहाटाला आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि हात जोडले. जा म्हणाल्या. "मागं वळून बगू नगा, ताई."

आणि मग आठवलं. डोणीची रुंदी. शेवटचं माप. मी ते दार उघडं ठेवून, नुसतं बाहेरून घेतलं होतं. ६२ लिहिलं आणि सही केली. तो नकाशा माझ्या सहीने परदेशात जाईल. ६२ कशावरून? दार लावल्यावर कदाचित ६१.५. कदाचित कमी. मी न मोजलेलं माप मोजलं म्हणून लिहिलं. असं आयुष्यात केलं नव्हतं.

एक रेघ मारायची, बरोबर आकडा लिहायचा, सही करायची. पाच मिनिटांचं काम. अकराच्या गाडीने जाता येईल.

कंडक्टरने बेल मारायच्या आत उतरले.

आप्पासाहेब चाळीच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. पाणी विचारलं त्यांनी.

सोमवार, १९ एप्रिल

६१.५. बरोबर आकडा लिहिला आहे. सही केली आहे.

दाराची मूठ फिरते. पूर्ण फिरते. दार उघडत नाही.

काचेवर मारून पाहिलं. ओरडून पाहिलं. आप्पासाहेब दुपारभर खुर्चीतच होते. एकदा मान वर करून म्हणाले, फार छान काम झालं बेटा. नंतर खुर्ची उचलून आत गेले.

मंगळवार —

चांगुणाबाई आल्या. डोणीखाली भाकरी ठेवली. मी खाली वाकून काच वाजवली. त्या काचेकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या. "माझी लेकरं ह्यांच्याच रानात हायती, ताई. मी कुटं जाऊ?" रडत होत्या.

भाकरी तिथेच आहे. मुंग्या लागल्या. मला भूक नाही. कालही नव्हती. हे नोंदवायला हवं.

गुरुवार, २२ एप्रिल

दादा आला होता. मोटारसायकलचा आवाज ओळखला मी.

आप्पासाहेब त्याला सांगत होते, रविवारी सकाळीच गेली, पिशवी घेऊन. गावातली चार माणसं सांगतील, एसटीत बसलेली पाहिली तिला. हे खोटं नाही. मी बसले होते. दादाने चांगुणाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, व्हय, बसल्या हुत्या. तेही खोटं नाही.

मग तो चाळीत आला. विमानाभोवती फिरला. मागच्या काचेशी आला. दोन्ही हातांनी ऊन अडवून आत पाहिलं. माझं तोंड आणि त्याचं तोंड, मध्ये फक्त काच. मी दादा म्हटलं. दादा, दादा म्हटलं.

तो खुर्च्या बघत होता. एक, दोन, तीन. रिकाम्या खुर्च्या बघाव्यात तसं.

त्याने काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला, बाप रे, ह्यात माणसं कशी बसत असतील.

शनिवार? —

मी वायरलेसच्या खुर्चीत आहे. कधी बसले ते आठवत नाही, तशी नोंद नाही. पाठमोरी. मागे वळायचं नाही असं ठरवलं आहे. मागे दोघं आहेत. बोलत नाहीत. श्वासही नाही. पण कागद फडफडला की एक हात येऊन तो दाबून धरतो. बाईचा. बोटांना लाल नाही, काळी शाई. नीटनेटकी नखं.

ती वाईट नाही. तिने माझ्यासाठी टोक धरलं कारण माप बरोबर यावं असं तिला वाटलं. मला कळतं ते. मीही —

खुर्ची आता तापत नाही.

शुक्रवार, ३० एप्रिल

आप्पासाहेबांनी चाळीत बसून पत्र वाचलं, मोठ्याने, आम्हाला ऐकवल्यासारखं. शेवगावची मुलगी. दीपा. ड्रॉइंगचा कोर्स केलेली. एकोणीस वर्षांची. आईने लिहिलंय, पोरगी कामात फार चोख आहे, सांभाळून घ्या.

मग त्यांनी डोणीवरची धूळ पुसली. एकच जागा राहिली, असं म्हणाले.

सोमवार, ३ मे —

नवी वही आणून ठेवली आहे खाली. टोक धरणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव नाही अजून. तेही लाल शाईनेच येईल.

विचार केला. दीपा टेप आत सोडेल. कोणी धरला नाही तर तो लोंबेल, माप चुकेल, दोन वेळा दोन आकडे येतील. ती वैतागेल. हे काम धड होत नाही म्हणेल. घरी जाईल. आईकडे जाईल. एवढंच करायचं आहे. काही न करणं एवढंच.

तिचं माप चुकेल. माझ्यामुळे चुकेल. मला माहीत असून.

चुकू दे.

पण हात आपोआप पुढे जातो. आज खाली सुतळीचा तुकडा पडला, वाऱ्याने दाराच्या फटीतून आत आला, तर मी तो धरून ताणलासुद्धा. कळायच्या आत. हात मांडीखाली दाबून बसले आहे. डाव्याने लिहिते. उजवा दाबलेला. सविताने वहीचं पान धरलंय, सोडत नाही, तिला कळलंय मी काय —

नाही धरणार. ती येते त्या दिवशी, बुधवारी, ५ मे, सकाळी, टेप आत आला की मी —