पाणी येणार आहे

परभणी, १२ मे १९८४, संध्याकाळ

सकाळी पाकीट पोस्टात टाकलं आणि आता पस्तावते आहे. भाची सुमन कोकणात मच्छीमारांच्या गावांत वादळाच्या इशाऱ्यांवर संशोधन करते. गावकऱ्यांना सोबत घेऊन, असं तिचं म्हणणं. इशाऱ्याचं पत्रक तिनं मला तपासायला पाठवलं होतं. मी लाल शाईनं दोन वेलांट्या सुधारल्या आणि शेरा मारला, 'छापायला हरकत नाही.' निवृत्त झाले तरी मास्तरकी सुटत नाही.

दुपारी कामाला येणाऱ्या कौसाबाईला माझ्याकडे राहिलेली पत्रकाची कच्ची प्रत वाचून दाखवली. मिरवायलाच. 'पाणी येणार आहे. ताबडतोब घराबाहेर पडा.'

ती म्हणाली, "पडावंच लागतंय की बाई, घागरी घेऊन! उशीर केला तर नळावर नंबर लागायचा न्हाई."

आधी हसले. मग तेच वाक्य पुन्हा वाचलं. कोकणात तर पाणी दिवसातून दोनदा येतं, भरतीचं. ते वाचून कोण पळेल? कॉन्व्हेंट शाळेत शिकवलेलं माझं व्याकरण वेलांटीच्या पुढे गेलंच नाही. आणि सुमन ज्यांच्या हाताखाली संशोधन करते ते साहेब? एका तरी कोळिणीला विचारलं का त्यांनी? की 'सोबत घेऊन' म्हणजे सोबत फोटो काढून?

बुधवारी छपाई. तोवर पाकीट पोचेल, आणि लाल शाईतलं ते 'हरकत नाही'सुद्धा. वादळ काही माझी दुरुस्ती होईपर्यंत थांबणार नाही.

तारऑफिसात निघाले आहे. मजकूर ठरला: 'छापू नकोस. कोळिणींना मोठ्यानं वाचून दाखव. हसल्या तर फाड.'