सल्ला न देणाऱ्या बाईचं दुकान

शहापूर,
पौषातली कडक थंडी

तीर्थरूप धनीराममामांना भाची शुभांगीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमची तब्येत फोनवरच विचारली असती, पण तुम्ही फोन उचलत नाही आणि उचलला तर "हो", "बरं" म्हणून मंगेशच्या हातात देता. मंगेश सांगत होता, आई गेल्यापासून बाबा शेतावर जातात, येतात, जेवतात, पण कोणाशी धड दोन वाक्यं बोलत नाहीत. एकोडीहून ही एवढीच खबर येते, आणि मला ती ऐकून काही सुचत नाही. म्हणून पत्र. पत्राला नुसतं "बरं" म्हणून भागत नाही. (मंगेश, तू वाचत असशील तर थोडी लाज धर आणि पत्र बाबाले नेऊन दे.)

माझं चाललंय. समुपदेशनाचा कोर्स करून मी इथे हायवेच्या बाजूला खोली घेतली हे तुम्हाला माहीत आहे. त्या खोलीत कोणी येत नाही, हे माहीत नसेल. पाटी रंगवली, कार्डं छापली, बचत गटाच्या सभेत मनावरच्या ताणाबद्दल तावातावानं बोलली. बायांनी टाळ्या वाजवल्या, चहा पाजला आणि विचारलं, "औषध देता का?" नाही म्हटलं. "सल्ला?" तोही नाही. "मंग देता तरी काय?" मी म्हटलं, मी ऐकते. त्यांनी एकमेकींकडे असं पाहिलं की त्यांना माझीच काळजी वाटली असावी. तेव्हापासून माझ्या खोलीला सारे 'सल्ला न देणाऱ्या बाईचं दुकान' म्हणतात.

मग मी डोकं चालवलं (ही खोड जुनीच) आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत टेबल टाकलं. मंडईला गावोगावचे पाहुणे येतात, रात्री नाटक पाहतात आणि दिवसा सोयरिकीच्या गोष्टी काढतात, हे मी लहानपणापासून पाहते, तरी कशी विसरली देव जाणे! वही-पेन घेऊन बसलेली बाई, समोर खुर्च्या, आणि येणाऱ्याला गोड आवाजात विचारते, घरी कोण कोण असतं, मनात काय आहे. दुपारपर्यंत टेबलावर लग्नाच्या पोरापोरींच्या फोटोंचा ढीग. एका म्हाताऱ्यानं तर नातवाला माझ्यापुढे उभं करून मागून-पुढून फिरवून दाखवलं. अहो, मी फक्त ऐकायला बसली, असं म्हटलं तर म्हणतो कसा, "ऐका ना मंग, पोरगा सुपारीसुद्धा खात नाही." सांगायला संकोच वाटतो मामा, पण त्यातली एक सोयरीक जुळली, आणि या धंद्यातली माझी पहिली मिळकत म्हणजे मध्यस्थ म्हणून मिळालेली साडी. (जांभळी आहे. मामी असती तर तिलाच दिली असती.)

खरी म्हणावी अशी पहिली बाई आली ती वरठीची बेबीबाई. तक्रार सासूची, आणि ती सांगायला येताना सोबत आणलं कोणाला? सासूलाच! एकटी आली तर लोक काय म्हणतील, म्हणे. आम्हाला शिकवलेलं असं, की दार लावा, समोरासमोर बसा, डोळ्यांत पाहा, प्रश्न त्यांच्याकडेच परतवा. दार लावलं तर सासू घाबरली. डोळ्यांत पाहिलं तर बेबीबाई घाबरली. मी हळूच विचारलं, "तुम्हाला यावर काय वाटतं?" तर ती भडकलीच. "मी तुले विचारून राहिली, तं तू मलेच विचारून राहिली! मले समजलं असतं तं इथं कायले आली असती?" (माझ्या चुका तपासणाऱ्या नागपूरच्या मॅडम हे ऐकून पोट धरून हसल्या. मी नाही हसली.)

दोघी उठून बाहेरच्या बाकावर ऑटोची वाट पाहत बसल्या. बाजारातून घेतलेल्या तुरीच्या शेंगा होत्या, सासू त्या सोलू लागली. मी तरी एकटी आत काय करणार? जाऊन त्यांच्याजवळ बसली आणि शेंगा सोलू लागली. तिघींच्या नजरा शेंगांत. आणि बेबीबाई आपसूक बोलायला लागली. तिचं पोटातलं लेकरू गेलं होतं मामा. घरात कोणी त्याचा विषय काढत नव्हतं. सासूवरचा सारा राग एवढाच, की तिनं एकदाही विचारलं नाही. सासूचे हात थांबले. म्हणाली, "विचारलं तं तू रडशील म्हणून मी भेत होती वं." बेबीबाई म्हणाली, "मले रडाचंच होतं." मग दोघी रडल्या. ऑटो आला, थांबला, निघून गेला. मी अवाक्षर काढलं नाही, आणि इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही.

आता धंदा वाढला आहे, म्हणजे बाकाचा. बाया येतात, नंबरची वाट पाहता पाहता एकमेकींशी बोलतात आणि नंबर लागायच्या आत "बरं वाटलं बाई, येतो" म्हणून घरी जातात. खोलीत अजून मी आणि खुर्च्याच आहोत.

थंडीत कान बांधत जा. मंगेशवर ओरडा, म्हणजे तेवढं तरी बोलणं होईल.

तुमची, न बोलण्याचं शिक्षण घेतलेली भाची,
शुभांगी

ता. क. – एक काम होतं. बाकावर पुरुष बसत नाहीत. येतात, घुटमळतात, पानठेल्याकडे वळतात. आधीच एखादा बसलेला दिसला तर बसतील. तुम्ही येऊन बसाल का? बोलायचं काही नाही. न बोलण्यात तुमच्याइतका तयार माणूस अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा नाही.

आणखी एक ता. क. – वरचा ता. क. खोटा आहे. पुरुषांचं मी पाहून घेईन. मामीच्या तेरवीला मी सगळ्यांना पाणी दिलं, सगळ्यांचं ऐकून घेतलं, कारण मी शिकलेली. मला कोणी विचारलं नाही, आणि तुम्हाला विचारायला मी भेली. मामा, मला मामीची फार आठवण येते. तिच्याबद्दल बोलायला तुमच्याशिवाय कोणाकडे जाऊ? रविवारी या. तुम्हाले रडाचं असलं तं रडा, नसलं तं नका रडू. मी तं रडणारच आहो.