कागदी चिलखत

प्रिय बाबा,

सकाळपासून चार कागद फाडले, हा पाचवा. एका जागी बूड टेकत नाहीये.

आई गेल्यावर तिचं कपाट मला न विचारता रिकामं केलंत, म्हणून मी तीन वर्षं अबोला धरला. तुमची पत्रं यायची, मी ती न फोडताच संग्रहालयातल्या माझ्या रद्दीच्या खोक्यात टाकायचे. वाचवत नव्हती आणि फेकवतही नव्हती. राग उतरला की वाचू म्हणायचे. तो कसला उतरतोय! तुमच्याकडूनच आलाय ना.

सध्या माझं काम जुन्या चिनी शिपायांच्या चिलखतांवर चाललंय. लोखंड, चामडं तर होतंच, पण काही शिपाई चक्क कागदाचं चिलखत घालायचे. हसू नका. मऊ कागदाचे थरावर थर खळीने चिकटवायचे, वरून दोऱ्याने शिवायचं. बाण त्यात रुतून बसतो म्हणे. खरंखोटं करायला आम्हीही एक बनवायला घेतलं. आमचे सुतारमामा कामाला वाघ. मी दोन दिवस रजेवर गेले, तेवढ्यात त्यांनी ते खोकं रिकामं करून पाठीचा भाग उभा केला. त्यांना काय बोलणार? खोक्यावर ‘रद्दी’ असं मीच ठळक लिहिलं होतं.

काल चाचणी होती. तिरंदाज नेम धरून उभा, आणि मला कडेच्या थरात तुमचा तो पोट सुटलेला ‘ळ’ दिसला. मी सरळ मध्ये घुसले. साहेब भडकले, मामांनी कपाळावर हात मारला. मी कुणाचं काही न ऐकता चिलखत उचलून घरी आणलं.

तेव्हापासून बादलीपाशी बसून एकेक थर भिजवतेय, सोलतेय. अकरा पत्रांचा लगदा झालाय, बाबा. मला माझीच लाज वाटतेय. एकच तुकडा धड निघाला: “डोळ्यांचं ऑपरेशन अठराला ठरलंय. डॉक्टर खात्री देत नाहीत. तू आलीस तर”. पुढे नुसती खळ.

तुमचा फोन लावला, तो नंबर बंद आहे. शनिवारी मी येतेय. दार उघडू नका हवं तर, पायरीवर बसेन. पण तोवर जीव थाऱ्यावर राहणार नाही, म्हणून हे आधी पाठवतेय. अठरा कुठल्या महिन्याची, बाबा? यंदाची, की गेल्या वर्षीची? आणि हे पत्र तुम्ही स्वतः वाचताय, की कुणी वाचून दाखवतंय?

तुमचीच,
ठमी