आखूड मानेची बास गिटार आणि माझी इतर मिळकत

लिहून ठेवणार : कुंदन सावळीराम विधाते, वय ६२ वर्षे, व्यवसाय निवृत्त गिटार तंत्रज्ञ, राहणार मखमलाबाद, नाशिक.

हे मृत्युपत्र मी माझ्या घराच्या ओसरीत बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी प्रकृती ठीक आहे, स्मरणशक्ती शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी सौ. रूपाली हिचे म्हणणे, दाखला देण्याआधी डॉक्टरांनी तिला विचारायला हवे होते. तरीही मी शुद्धीवर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. वकीलसाहेबांनी एका पानाचा नमुना दिला होता. त्यात कोणाला काय द्यायचे हे लिहायला जागा होती, का द्यायचे हे लिहायला नव्हती. म्हणून हा मोठा कागद घेतला.

कलम १. मखमलाबाद येथील राहते घर, त्यातील सर्व सामान आणि माझ्या नावावरील बँकेतील ठेवी माझ्या पश्चात पत्नी रूपाली हिच्या मालकीच्या होतील. तिच्या पश्चात हे सर्व आमची एकुलती एक मुलगी दिशा हिला मिळावे. सव्वीस वर्षे मी वर्षातले सहा-सात महिने गाडीत, विमानतळावर किंवा परक्या गावच्या लॉजवर काढले. घर रूपालीने चालवले. त्यामुळे हे कलम लिहिताना मी तिला काही देत आहे असे मला वाटत नाही. तिचेच तिच्या नावावर करत आहे.

कलम २. वाटणीपत्राने माझ्या वाट्याला आलेली मळ्यातील जमीन थोरले बंधू श्री. शेखर सावळीराम विधाते यांना द्यावी. रूपाली आणि दिशा या दोघींना हे आधी सांगितले आहे आणि दोघींची हरकत नाही.

यामागचे कारण सांगतो. आमचे वडील सावळीराम फुले आणि भाजीपाला पिकवायचे. मी आयटीआय करून ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागलो, तेव्हा त्यांनी सगळ्या वस्तीला पेढे वाटले. त्याच सुमारास देवळाली कॅम्पात एका कार्यक्रमाला गेलो असताना धनराजची ओळख झाली. धनराज म्हणजे तोफखान्यातल्या हवालदाराचा मुलगा. तो बास गिटार वाजवायचा. बास म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुराची गिटार. त्याच्या गिटारीची एक तार सारखी खरखरत होती. मी म्हणालो, मानेवरची, म्हणजे लांब दांड्यावरची, एक धातूची पट्टी वर आली आहे. दुसऱ्या दिवशी कानस घेऊन गेलो आणि ती पट्टी घासून दिली.

"हे कुठं शिकलास?" त्याने विचारले.

"विमानाच्या पत्र्यावर."

१९९३ साली धनराजच्या 'दगडफूल' या रॉक बँडला देशभर कार्यक्रम मिळू लागले आणि मी पक्की नोकरी सोडून त्याच्याबरोबर निघालो. वडील एवढेच म्हणाले, "विमान सोडून कोणी तुणतुण्याच्या मागं जातं का?" त्यानंतर पाच वर्षे ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. मी समोर बसलेला असलो तरी आईला सांगायचे, "त्याला विचार, जेवणार आहे का." त्या पाच वर्षांत आणि पुढेही मळा शेखरदादाने पाहिला. आईवडिलांचे दुखणेखुपणेही त्यानेच पाहिले. माझ्या वाट्याच्या जमिनीवर घाम त्याचा पडला आहे. कागदावर माझे नाव असणे मला फार दिवसांपासून बरे वाटत नव्हते.

वडील एकदाच कार्यक्रमाला आले. १९९८ साली नाशकातल्या एका कॉलेजच्या मैदानावर, संध्याकाळी पाच वाजता. मी त्यांना स्टेजच्या बाजूला माझ्या हत्यारांच्या पेटीजवळ खुर्ची दिली. ते दोन तास गाण्याकडे न बघता माझ्याकडेच बघत बसले. मी गिटार सुरात लावून धनराजला देत होतो, वाजवलेली परत घेत होतो, पुसत होतो, तार बदलत होतो. शेवटी ते म्हणाले, "एवढी माणसं आहेत, पण तुझ्याकडं कोणीच बघत नाही."

"बघायला लागले तर समजायचं काहीतरी बिघडलं."

ते म्हणाले, "म्हणजे बारं धरण्यासारखं. वाफा भरलेला दिसतो, पाणी फिरवणारा दिसत नाही." त्या दिवसापासून ते माझ्याशी थेट बोलू लागले. माझ्या कामाचे याहून चांगले वर्णन मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

शेखरदादाविषयी एक तक्रार मात्र नोंदवून ठेवतो. २०१९ साली दिशाच्या लग्नपत्रिका त्याने छापून आणल्या. त्यात माझ्या नावाखाली "माजी कर्मचारी, विमान कारखाना, ओझर" असे छापले होते. नोकरी सोडून सव्वीस वर्षे झाली होती. विचारले तर म्हणाला, "पाहुण्यांना काय सांगू, तू तारा पिळतो म्हणून?" माझ्या दशक्रियेची पत्रिका छापताना "गिटार तंत्रज्ञ" असे छापावे. जमीन मिळण्यासाठी ही अट नाही, विनंती आहे. पण दादाने ती अट समजावी.

कलम ३. माझी हत्यारे. तार कापायची पक्कड, डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी, मीटर, बारीक मापे घ्यायचा व्हर्नियर आणि पेटी दिशाला द्यावी. अर्धगोल कानस मात्र पेठ तालुक्यातले सुतार बुधा गावित यांना नेऊन द्यावी. त्यांनी २००८ साली मला शिवण झाडाचा एक ओंडका दिला आणि बदल्यात ही कानस मागितली होती. हाताला बसलेली कानस म्हणून मी तेव्हा दिली नाही. माझे चुकले. ओंडका कशासाठी लागला ते पुढे येईल.

कलम ४. 'दगडफूल'चे व्यवस्थापक श्री. महेश दाणी यांना माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. त्यांनी काही मागितलेले नाही आणि ते मागणारही नाहीत. तरी हे कलम राहू द्यावे, कारण जे घडले ते कुठेतरी लिहिलेले असावे असे मला वाटते.

२००७ सालच्या नोव्हेंबरात शिलाँगला कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्यात बासचा सूर तुटू लागला. वाजायच्या जागी नुसता ठप्प आवाज येत होता. मी आधी वायर पाहिली, मग अँप्लिफायर पाहिला. दोन्ही ठीक होते. तेवढ्यात धनराज माझ्या बाजूला आला आणि प्रेक्षकांकडे पाठ करून म्हणाला, "कुंदन, बोट लागत नाही."

त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी तळहाताकडे वळली होती. सरळ होत नव्हती.

"कधीपासून?"

"गणपतीपासून. कोणाला सांगू नको. बाहेर कळलं तर उद्यापासून दुसरा माणूस उभा करतील."

"मग मी गिटार बिघडली म्हणतो. तू उतर."

मी तसेच सांगितले. महेशरावांनी माइक घेतला आणि आमच्या तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे कार्यक्रम थांबवावा लागत आहे, असे चार हजार माणसांसमोर जाहीर केले. त्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर त्यांनी मला कामावरून काढले. धनराज समोर बसला होता, कपात बघत होता. बोलू नको असे मीच त्याला सांगितले होते. तरीही तो बोलला नाही याचे मला वाईट वाटले. हे मी त्याला पुढे सांगितले आहे, त्यामुळे येथे लिहायला हरकत नाही.

मी घरी आलो आणि दादाबरोबर मळ्यात झेंडू तोडू लागलो. तीन आठवड्यांनी धनराज दारात उभा. रूपालीने त्याला बसायला पाट दिला आणि म्हणाली, "आधी चहा घ्या भाऊजी. मग दोघांनी मिळून काय लपवलंत ते सांगा."

त्याने सगळे सांगितले. पुण्याच्या डॉक्टरांचे म्हणणे होते की शस्त्रक्रिया केली तरी बोटे पुन्हा वळू शकतात, आता दुसरा नाद शोधावा. हे सांगताना पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस माझ्या ओसरीत रडला. मी म्हणालो, "हात दाखव." व्हर्नियर आणून मी त्याच्या हाताची मापे घेतली. कोणते बोट कुठपर्यंत जाते, किती जोर देते, सगळे वहीत लिहिले. हात बदलता येत नव्हता, गिटार येत होती.

कलम ५. आता बास गिटार. ही मी स्वतः बनवली आहे आणि तिची मालकी माझी आहे. नेहमीच्या बासपेक्षा तिची मान चार इंचांनी आखूड आहे, म्हणजे वळलेल्या बोटांना कमी पसरावे लागते. तारा पट्ट्यांना जेमतेम न टेकण्याइतक्या खाली आहेत, म्हणजे जोर कमी लागतो. अडचण अशी की मान आखूड केली की सर्वांत जाड तार ढिली पडते आणि तिचा आवाज भसाडा होतो. अंगाचे लाकूड चांगले हवे होते. पेठकडे ढोलाची खोडे कोरणारे बुधा गावित आहेत असे कळले, म्हणून गेलो. त्यांनी अंगणातले एकेक लाकूड बोटाने वाजवले, कान लावला आणि सातव्यावर थांबले. म्हणाले, "हा घे. हा वाळलाय बी आन् बोलतोय बी."

चार महिने लागले. दोन माना वाया गेल्या. मार्च महिन्यात, सकाळी अकराच्या सुमारास, मळ्यातल्या शेडमध्ये धनराजने ती पहिल्यांदा वाजवली. त्याने हळूच एक सूर धरला, मग दुसरा, मग तो थांबलाच नाही. झेंडूच्या वाफ्यातल्या बाया उठून शेडच्या दाराशी आल्या. शेखरदादा हातातली पाटी खाली ठेवून उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "हे कानात नाय वाजत रे, इथं वाजतंय." पंधरा वर्षे मी काय करतो हे त्याला त्या सकाळी कळले. पत्रिकेपुरते तो पुढे विसरला.

त्याच आठवड्यात धनराजने पुण्याला सगळ्या बँडसमोर वळलेली बोटे दाखवून खरे काय ते सांगितले. "शिलाँगला गिटार बिघडली नव्हती. मी बिघडलो होतो. कुंदन नसेल तर मी वाजवणार नाही." महेशरावांचा मला फोन आला, "झालं ते झालं, सोमवारी निघा." माफी मागितली नाही. मी मात्र सोमवारी निघालो. धनराज ती गिटार आणखी अकरा वर्षे वाजवत होता, २०१९ साली बँड राजीखुशीने बंद होईपर्यंत. महेशरावांवर आता राग नाही. एवढेच, की त्यांनी वर्तमानपत्राला ही गिटार जर्मनीहून मागवल्याचे सांगितले होते. ती पेठच्या शिवणीची आहे.

गिटार सध्या धनराजच्या देवळाली कॅम्पातल्या घरी असते. दर दिवाळीला तो ती माझ्याकडे दुरुस्तीला आणतो. गेली दोन वर्षे मला त्यात एक गोष्ट दिसत होती. पट्ट्या नवीनच जागी झिजत होत्या. धनराजची करंगळी जिथे कधीच पोचत नाही, तिथे बारीक खाच पडत होती. विचारले, तर म्हणाला, "म्हातारपणी हात भरकटतो." मी सव्वीस वर्षे तो हात पाहिला आहे. तो भरकटणारा हात नाही.

या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा मी गेल्या रविवारी धनराजला वाचायला दिला. त्यात गिटार धनराजला द्यावी असे लिहिले होते. वाचून त्याने कागद खाली ठेवला.

"मला नको. दिशाला दे."

"ती कुठं वाजवते?"

रूपाली आतून म्हणाली, "दोन वर्षं झाली. बँक सुटली की ती भाऊजींकडं जाते. तुम्ही चुका काढाल म्हणून सांगितलं नाही."

दिशा देवळाली कॅम्पच्या बँकेत आहे. लहानपणी मी घरी नसे, म्हणून या पेटीचा, तारांचा, सगळ्याचाच तिला राग होता. एकदा तिने माझी बॅग लपवून ठेवली होती. तिचा हात लहान आहे, रूपालीसारखा. लांब मानेच्या गिटारीवर तो पुरला नसता. तिला बोलावून घेतले. ती धनराजच्या घरून गिटार घेऊन आली आणि ओसरीत बसून तिने वाजवले. मी चुका काढल्या नाहीत. दोन होत्या.

सबब, ही बास गिटार दिशा हिला द्यावी. तिने ती भिंतीला टांगू नये. महिन्यातून एकदा तारा पुसाव्यात आणि पावसाळ्यात मानेकडे लक्ष ठेवावे.

कलम ६. माझ्या अंत्यविधीत व दहाव्याला लाऊडस्पीकर लावू नये. लावलाच तर आधी अर्थिंग तपासावे. घूं घूं आवाज मी जिवंतपणी खूप ऐकला आहे.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला असून तो माझ्या मनासारखा उतरला आहे. जे हवे होते त्यातले बहुतेक मला मिळाले. या मृत्युपत्राप्रमाणे सर्व व्यवस्था पत्नी रूपाली हिने पाहावी.

ठिकाण : मखमलाबाद, नाशिक
दिनांक : १४ डिसेंबर २०२५

सही
कुंदन सावळीराम विधाते

साक्षीदार :

१. समाधान पुंजाजी काठे, निवृत्त शिक्षक, शेजारी. कुंदनराव यांनी माझ्यासमक्ष सही केली.
सही

२. धनराज बळवंत सोनवणे, बास वादक, देवळाली कॅम्प. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेबांनी सांगितले. गिटार नको म्हणण्याचे हेही एक कारण होते. शिलाँगला जे बोलायला हवे होते ते मी चार महिने उशिरा बोललो. या वेळी वेळेवर हजर आहे. कुंदनने माझ्यासमक्ष, शुद्धीवर असताना सही केली आहे, आणि वर लिहिलेले सगळे खरे आहे.
सही