फेनाताईच्या प्रवाळाची खुशाली

लेअर, रविवार दुपार

प्रिय ओनोभाऊजी,

खाडीच्या अलीकडूनच, मान खाली घालून नमस्कार.

तुमची छाती आता कशी आहे? बेटावरच्या डॉक्टरीणबाई अजून पहाटे अनवाणी वाळूत चालवतात का, आणि जेवायला रोज हेरिंग मासाच असतो का, ते कळवा. बोलताना दम लागतो म्हणून फोन करू नकोस असं तुम्ही बजावलंत, ते एका अर्थी बरंच झालं. पत्र बसून वाचता येतं. (बसला आहात ना? नसाल तर बसा.) इकडे सगळे खुशाल. सगळे म्हणजे मी, तुमच्या शेजारच्या उबेनबाई, आणि मासे तर एकूण एक. गोगलगायी पूर्वी नऊ होत्या, एवढंच सध्या सांगतो.

जाताना तुम्ही घराची चावी आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल सूचनांचे अकरा कागद दिलेत, तेव्हा मी हसलो होतो. बत्तीस वर्षं मी बंधाऱ्याचे दरवाजे सांभाळले, अख्ख्या उत्तर समुद्राला वेळेवर आत-बाहेर केलं. दिवाणखान्यातल्या चारशे लिटरनं मला काय शिकवावं? तरी पहिले चार कागद मी मनापासून वाचले. चौथ्यावर तुम्ही लिहिलं होतं की फेनाच्या प्रवाळाला रोज सकाळी ‘मोइन’ म्हणायचं, माणसाला नमस्कार करावा तसं. ओनोभाऊजी, खरं सांगतो, त्या दिवशी मला तुमच्या छातीपेक्षा डोक्याची काळजी वाटली. पण ताईनं पन्नासाव्या वाढदिवसाला आणलेला मुठीएवढा तुकडा ती गेल्यावर चार वर्षांत कोबीच्या गड्ड्याएवढा झालाय, आणि तिच्या हातचं घरात वाढणारं एवढं एकच उरलंय, हे मलाही कळतं. म्हणून म्हणत होतो. हळू आवाजात, खिडकी लावून.

(तिच्या फोटोपुढच्या फुलदाणीत दर शनिवारी ट्यूलिप बदलतो. आमच्या आईच्या पद्धतीनं तळाशी दोन सेंटचं तांबडं नाणं टाकतो, फुलं आठवडाभर ताठ राहतात. हे विषयांतर झालं.)

तर मंगळवारी सकाळी येऊन पाहतो तो प्रवाळाची सगळी हिरवी बोटं आत गेलेली, गोगलगायी वाळूत उताण्या, तुमची लाल पट्ट्यांची कोळंबी कुशीवर, आणि मासे कोपऱ्यात गोळा होऊन धापा टाकतायत. माझं धाबं दणाणलं. कागद काढले. पाण्याची ऊब पाहिली, पंचवीस. मिठाचं प्रमाण पाहिलं, बरोबर. पंप चालू, हीटरची वायर शाबूत. चुकीचं काहीच सापडेना. आता चूक सापडत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? चुकणारा माणूस शोधतो. जिना पुसायची पाळी त्या आठवड्यात उबेनबाईंची होती आणि सोमवारी त्यांनी जिन्याच्या काचा फवारा मारून पुसल्या होत्या. तो वास दाराच्या फटीतून आत आला आणि पाण्यात उतरला, असा मी निकाल लावला. नुसता लावला असता तर ठीक होतं. मी तो जिन्यात उभं राहून, खालच्या बिऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला.

उबेनबाईंनी फडकं पिळलं आणि एवढंच म्हणाल्या, “हाबो, फेना होती तेव्हाही मी याच काचा पुसत होते. याच फवाऱ्यानं.”

त्या दिवशी त्यांच्याकडे चहा मिळाला नाही. आपल्याकडे तीन कपांच्या आत पाहुण्याला उठू देत नाहीत, आणि मला दार बंद मिळालं. तुम्हीच अंदाज करा.

बुधवारी पाणी बाटलीत भरून मासेवाल्याच्या दुकानात नेलं. त्यानं थेंब टाकले, रंग पाहिला आणि म्हणाला, तांबं. गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ, सगळ्यांना विषच ते. मी म्हटलं, नळ जुने असतील. तो म्हणाला, असतील. मग पाच दिवस पाणी बदलणं, कोळशाच्या पिशव्या आणि तांबं शोषणारं औषध चालू आहे. कोळंबी उठून बसली. गोगलगायी सहा आहेत. (सकाळी सात वाटल्या होत्या, एक खडा निघाला.)

हे काम मला झेपणारं नाही. तुम्ही आलात की चावी पायपुसण्याखाली ठेवतो. माझं तोंड तुम्हाला दिसायला नको.

तुमचा शरमिंदा मेव्हणा,
हाबो

ता. क. नळ जुने नाहीत. त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी मी सकाळऐवजी संध्याकाळी गेलो. प्रवाळ मलूल दिसलं. दिवे मंदावले की ते रोजच मिटतं, हे नवव्या कागदावर आहे. मी चौथ्यावर थांबलो होतो. फुलदाणीत टाकायचं नाणं हातातच होतं. मला वाटलं, हेही फूलच, आणि ताईचं. टाकीत टाकलं. रविवारीही संध्याकाळीच गेलो, फरक दिसेना म्हणून दुसरं टाकलं. सोमवारी संध्याकाळी तिसरं.

ता. क. २. नाणी उबेनबाईंना सापडली. बुधवारी त्या न बोलावता आल्या, चपला दाराशी काढल्या, बॅटरी लावून वाळू पाहिली आणि चिमट्यानं एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मला वाटलं आता जिन्यात सगळं वसूल करतील. पण त्या म्हणाल्या, “तुझी आई तुम्हा मुलांच्या तापातसुद्धा आधी फुलदाणीच बघायची, तू तिच्यावरच गेलास,” आणि बादल्या उचलायला लागल्या. पाच दिवस उचलतायत, एकाहत्तराव्या वर्षी. मी जिन्यातच, तितक्याच मोठ्यानं, माफी मागितली. खालच्या बिऱ्हाडानं रेडिओ बारीक केला होता. काल तिसरा कप मिळाला.

ता. क. ३. आज सकाळी प्रवाळानं एक बोट बाहेर काढलं. एकच, डावीकडचं. मी ‘मोइन’ म्हटलं, खिडकी उघडी होती तरी.

चावीचं वर लिहिलं ते खोडून टाका. नोकरी सुटल्यापासून सकाळी नऊ वाजता माझी वाट पाहणारं दुसरं कुणी नाही. चावी माझ्याकडेच राहू द्या, भाऊजी. हवं तर खिसे दारात उलटे करून आत येत जाईन.