नाल्यापलीकडे दिलेली बॅग

५ जून
इमर्जन्सीच्या पेट्या आल्या एकदाच्या. आमच्या आरोग्य केंद्राला मोठी, उपकेंद्रांना छोटी. छोटीत पट्ट्या, मलम, ओआरएस. न रडणाऱ्या बाळाला फुग्यासारखी दाबून श्वास द्यायची अंबू बॅग फक्त मोठीत, दोन नग. ठरवणाऱ्यानं आमचा नाला पाहिला असता तर!
नाल्यापलीकडच्या उपकेंद्राची सुनीता सिस्टर पेटी पाहून तडकली. "मॅडम, हे मलम घेऊन काय करू? नाला भरला का गाव बंद. एक फुगा मले द्या न."
"तुमच्या लेव्हलला बसत नाही."
हे मी बोलले. मी!

१२ जून
तालुक्याला फोन. साहेब म्हणे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मी, म्हटलं. दिली एक बॅग. सिस्टरला बाहुलीवर शिकवलं. मास्क नीट बसला, बाहुलीची छाती वर आली, बाई खुदकन हसली. खूप दिवसांनी बरं वाटलं.

२८ जून
पलीकडे तपासणी. वैशाली, पहिलटकरीण, माहेरी आलेली. दिवस भरत आलेल्या बायांना पावसाआधी नाल्याच्या अलीकडे आणून ठेवतो दरवर्षी. हिचंही ठरलं होतं, सिहोऱ्याला मावशीकडे. आता बाप म्हणतो, "कायले नेता मॅडम? मशीन तं आली न गावात."
मशीन! अहो, रबरी फुगा तो. बाईचं रक्त जाऊ लागलं तर तो काय डोंबल करणार? घसा कोरडा केला. ऐकेना. शेवटी सिस्टर म्हणाली, "राहू द्या मॅडम, मी आहो न."
मीही राहू दिलं.

९ जुलै
सिस्टरची बदली. लाखनीकडे, तातडीनं रुजू व्हा. इथं कोण येणार? "पाहू." फोनवर भांडले, रडले. शून्य.
जाताना भेटून गेली. बॅग तिथंच ठेवली म्हणे. "नवीन येईन तिले लागन." कपाटाची चावी गावातल्या आशाताईकडे. तिनं बॅग कधी हातात धरली नाही.
उद्या मीच जाऊन वैशालीला घेऊन येते. बापाच्या पाया पडेन, पण आणेन.

१० जुलै
नाल्यावरच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी. गाडी वळवली. तहसीलला होडी मागितली. "पाणी उतरू द्या, मॅडम."
वाटतं, बॅग दिली नसती तर पोरगी आज मावशीकडे असती. हे कोणाला सांगू?

११ जुलै
दुपारी आशाताईचा फोन. "मॅडम, वैशालीच्या कळा सुरू झाल्या. फुगा काढून ठेवला. कसा धरू?"
सांगू लागले. बाळाला आधी पुसायचं, मान जराशी मागे, मास्क नाकातोंडावर घट्ट... "हो हो" करत होती. किती कळलं देव जाणे. मागून बापाचा आवाज, "मॅडमले सांग, घाबरू नका म्हणा. मशीन आहे आपल्यापाशी."
रेंज गेली. तेव्हापासून फोन लावतेय, लागत नाही.