तीन प्रती आणि एक निळा शर्ट

धसई, ता. मुरबाड
मंगळवार

कालपर्यंत पूज्य असलेल्या अनंतादादास,

मितेशचा नमस्कार (वाकून नाही, उभ्यानेच). तुझी तब्येत उत्तम असणार. बेंगळुरूची हवा तुला मानवली आहे हे फोटोत दिसलंच. कोणत्या फोटोत, ते पुढे येईल. माझी विचारशील तर काल दुपारी चारपासून वासलेलं तोंड अजून नीट मिटलेलं नाही. आई म्हणते, जबड्याला तेल चोळ. फोन न करता पत्र का, तर माझा फोन ओढ्यात आहे. तो तिथे कसा गेला, तेही पुढे येईल.

दादा, आपण सख्ख्या बहिणींची मुलं. आटगावचा तू, ठाण्यातल्या कुठल्याशा ऑफिसच्या छतात घुसून केबली ओढण्यापासून सुरुवात केलीस आणि आज मोठमोठ्या कंपन्यांचा डेटा सांभाळणारे प्रोग्राम लिहितोस. तुझ्याकडे बघूनच मी मुरबाडला आयटीला गेलो. (दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलच्या सरांनी "हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही" म्हटल्यावर जर्नल त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो. एस.टी. स्टँडपर्यंत मुद्दाम हळू चाललो, कुणी तरी बोलवायला येईल म्हणून. कुणी आलं नाही. तेव्हापासून गावात घरोघर वायफायची लाइन टाकतो.) पण शिकलो ते तुझ्याकडूनच. दिवाळीत तू मला अंगणात बसवून सांगितलंस, "मित्या, जी वस्तू जाऊन चालणार नाही तिच्या तीन प्रती ठेवायच्या. दोन वेगवेगळ्या जागी, आणि एक गावाबाहेर." मी ते मनावर घेतलं. माझ्या सगळ्या बरबादीचं मूळ तिथं आहे.

कारण जाऊन चालणार नाही अशी माझ्याकडे एकच वस्तू होती: कुणालीला लिहिलेलं पत्र. महादूकाकांची कुणाली. तुला तिच्याबद्दल मी कधी सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. पण तूही मला काही सांगितलं नाहीस, आणि तुझी चूक मोठी आहे. तिचा मोबाइल कायम तिच्या भावाच्या, आदेशच्या हातात, म्हणून कागदावर लिहिलं. चार पानं. त्यात पाचवीत तिने मला दिलेल्या आणि मी आजवर न झिजवलेल्या पेन्सिलीचा उल्लेख होता. नावं मात्र घातली नाहीत (पासवर्ड उघड्यावर ठेवू नये, हेही तूच सांगितलेलंस). मग रीतसर तीन प्रती केल्या. पहिली आमच्या भाताच्या कणगीत. दुसरी ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या नेटच्या पेटीत, जिची किल्ली माझ्याकडे असते. तिसरी गावाबाहेर, वैशाखऱ्याला धोंडूआत्याकडे, कारण आत्याला वाचता येत नाही.

आता ऐक. आईने मला न सांगता कणगीतलं भात गिरणीवर पाठवलं. पोतं उपडं केल्यावर भातातून प्लॅस्टिकची पिशवी निघाली आणि गिरणीवाल्या चंदाकाकूंनी रांगेतल्या बायांना चारही पानं मोठ्यानं वाचून दाखवली. दोन ठिकाणी म्हणे पुन्हा वाचायची फर्माईश झाली. तिकडे मी पळू गावात लाइन जोडायला गेलो असताना नवसूने (माझा जोडीदार, दुसरी किल्ली त्याच्याकडे असते हे मी विसरलो) तक्रार आली म्हणून पेटी उघडली. त्याला वाटलं, मी वायरींचा नकाशा काढून ठेवलाय. न वाचता त्याने पहिल्या पानाचा फोटो आमच्या ग्राहकांच्या तक्रारीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "याप्रमाणे काम चालू आहे." ग्रुपवर एकशेबारा माणसं आहेत. तिसऱ्या प्रतीची आत्याने देव्हाऱ्यात स्थापना केली आहे. तिला वाटलं, भाच्याने काही तरी मंत्र लिहून दिला. रोज हळदकुंकू वाहते.

म्हणजे बघ. एकही प्रत साठवणुकीत हरवली नाही. गिरणीने वाचली, ग्रुपने वाचली, देवाने वाचली. फक्त जिच्यासाठी लिहिली तिच्यापर्यंत एकही गेली नाही. तू साठवायचं शिकवलंस, पोचवायचं शिकवायच्या आधी तुझी सुट्टी संपली.

काल महादूकाकांचं बोलावणं आलं. मला वाटलं, पेन्सिलीवरून पकडला गेलो. मनात ठरवलं, विचारलं तर छाती काढून 'हो' म्हणायचं. पण काकांनी मला खुर्ची दिली. (आदेश दारात उभा होता, हाताची घडी घालून.) काका म्हणाले, "मितेश, तू जरा कॉलेजात जाऊन आलेला. कुणालीला एक स्थळ आलंय, कॉम्प्युटरवाला हाय. ह्यात काम लिवलंय ते मला काय कळत नाय. तू वाचून सांग." आणि बायोडेटाचा मागचा कागद माझ्या हातात दिला. दादा, तो कागद मी तिथेच खाणार होतो. त्यावर लिहिलेलं होतं: स्टोरेज आणि नेटवर्किंग, आठ वर्षांचा अनुभव.

"सामान सांभाळतो म्हणजे वॉचमन का काय?" स्टोरेजचा अर्थ मी सांगताच काकांनी विचारलं.

इथे माझं डोकं फिरलं. मुलगा कोण का असेना, धंदा माझ्या दादाचा! मी उठून उभा राहिलो आणि पाऊण तास बोललो. सांगितलं की काका, तुमच्या सातबाऱ्यापासून आदेशच्या रीलपर्यंत सगळं कुठल्या तरी मशीनच्या पोटात असतं आणि मशीन कधी ना कधी मरतंच. ते मेलं तरी दुसऱ्या दोघांनी काम उचलायचं आणि तुम्हाला पत्ताही लागू द्यायचा नाही, ही या लोकांची करामत.

"म्हंजे काम केलेलं कुणाला कळतच नाय?"

"कळलं तर काम बिघडलं समजा, काका. अशी माणसं बोलत नाहीत, मिरवत नाहीत, सांभाळतात. माझा दादा तसाच आहे. देवमाणूस."

काकांचे डोळे भरून आले. "असाच जावय पायजे," असं म्हणून त्यांनी बायोडेटाचा पुढचा कागद उलटून फोटो दाखवला.

दादा, तू होतास. आणि अंगात निळा शर्ट होता. तो शर्ट माझा आहे. दिवाळीत "एक फोटो काढायचाय" म्हणून नेलास तो. मी तो कुणालीसमोर घालायचा म्हणून घडी न मोडता ठेवला होता, आणि तो तिच्यासमोर गेलाही, फक्त आत तू होतास.

मी काय बोललो ते आठवत नाही. कुणाली चहा घेऊन आली तेवढं आठवतं. कप देताना ती हळूच म्हणाली, "पेन्सिल अजून हाय तुझ्याकडं? गिरणीवर आख्ख्या गावानं ऐकलं रे. माझा कागद, आणि मलाच नाय? रविवारी ते मला बघायला येतायत. त्या दिवशी सांजपातूर पायजे, नायतर मी बाबांना हो सांगते." मग आदेश खाकरला. बाहेर आल्यावर मी फोन ओढ्यात फेकला. (त्यात तुझा नंबर होता.)

एवढंच कळवायचं होतं. माझी काही तक्रार नाही. सुखी राहा.

तुझा (नाइलाजाने) धाकटा भाऊ,
मितेश

ता. क. मला आता त्या घरात पाऊल ठेवता येत नाही. त्यांची वायफायची लाइन मी इतकी पक्की जोडली आहे की तक्रारच येत नाही. पुन्हा लिहायला बसलो तर रागाने कागद फाटतो. तुला मात्र कांदेपोह्यांनंतर तिच्याशी दहा मिनिटं एकट्यात बोलायला देतील. तेव्हा रविवारी येताना वाट वाकडी करून वैशाखऱ्याला जा, आत्याच्या देव्हाऱ्यातून तिसरी प्रत उचल आणि स्वतःच्या हाताने कुणालीला दे. हळद झटकू नकोस. शर्ट दुसरा घाल.

ता. क. २. हे पत्र जाऊन चालणार नाही, म्हणून याच्याही तीन प्रती केल्या आहेत. एक तुला बेंगळुरूला, एक माझ्या उशाखाली आणि एक गावाबाहेर, आटगावला तुझ्या घरी.

ता. क. ३. मावशी, पाया पडतो. पाकीट दादाच्या नावाचं होतं, तरी तुम्ही उघडलंत हे मला ठाऊक आहे. आता इथवर वाचलंच आहे तर महादूकाकांना नकार तुम्हीच कळवा, आणि माझा बायोडेटा सोबत जोडला आहे तो त्यांच्याकडे पाठवा. फोटो नाही. शर्ट आला की काढतो.